छत्री कुठे उलटली?

कपाटाच्या भांडणानंतर अप्पांनी सगळ्या घराला दुकानात बोलावलं ते थेट त्या मंगळवारी. मंगळवार दुकानाचा सुट्टीचा वार. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत दिवा लावलेला, आणि छताला टांगलेल्या दीडशे मिटलेल्या छत्र्यांखाली सगळे आपापली डोकी सांभाळत बसलेले. थोरला उंच, त्यामुळे दर दोन मिनिटांनी एखाद्या छत्रीची मूठ त्याच्या कपाळाला लागत होती. जन्म याच दुकानात गेला, पन्नाशी आली, पण बिचाऱ्याला वाकायचं काही जमलं नाही.

"बोला, काय ते एकदाचं," अप्पा म्हणाले. हातात पक्कड, मांडीवर कुणाची तरी मोडकी छत्री. रिकाम्या हातानं त्यांना कुणाचं ऐकूच येत नसे.

मीटरबाईनं कागद पुढे सरकवला. मीटरबाई म्हणजे थोरल्याची बायको. वीज खात्यात घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपायची तिची नोकरी. कुणाचा कुत्रा चावतो आणि कुणाचा नुसता भुंकतो, हे बावीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात पाचदा वीज गेली आणि लोकांनी तिलाच दारात धरून वाट्टेल ते ऐकवलं. त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पल भिरकावली आणि म्हणाली, आता आपली वीज आपणच करायची. घरातले हसले. पण दोनशे दहा घरांची संस्था उभी राहिली. टेकडीवर एक पवनचक्की, मालकी सगळ्या घरांची, वीजही सगळ्यांना, असं ठरलं.

"अप्पा, टेकडीच्या माथ्यावरची मोकळी जागा तुमच्या आणि आत्यांच्या नावावर आहे. दोघांच्या सह्या हव्यात. अर्ज आज पाचपर्यंत पोचायला हवा, नाहीतर आपला नंबर गेला."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर दोनशे दहा घरं मला दारात उभी करणार नाहीत. आणि मला तर रोज त्याच दारांत जायचंय!"

तिचा आवाज जरा चिरकला. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांच्या ओसऱ्यांवर बसून तिनं एकेकाला राजी केलं होतं. आता घोडं अडलं होतं ते घरातच.

"तुझं सगळं बरोबर," अप्पा म्हणाले. "पण तुझी चक्की वारा खाणार, त्याचं काय?"

"खाणार म्हणजे?"

"चक्की फिरणार कशानं? वाऱ्यानं. एवढी धुडं पाती फिरवायची म्हणजे वारा दमणार की नाही? मग दमलेला वारा खाली उतरून काय करणार? छत्री उलटवायला दम लागतो, बाई. माझ्या धंद्याचं काय?"

कुणी हसलं नाही. या घरातली तीन पिढ्यांची माणसं वाऱ्यावर जगली होती, त्यामुळे वाऱ्याबद्दल कुणी काहीही बोललं तरी ती गंभीरपणे घ्यायची. थोरल्यानं तर मान डोलावली, आणि लगेच बायकोकडे बघून डोलावायची थांबवली. एरवी तो घरी बायकोच्या बाजूनं असायचा आणि दुकानात वडिलांच्या. आज बायकोच दुकानात आल्यानं त्याची भलतीच पंचाईत झाली होती.

"भावजी, तुम्ही सांगा," मीटरबाई धाकट्या दिराकडे वळली. "तुम्ही भूगोल शिकवता ना?"

मास्तरला घाम फुटला. वर्गात त्यानं नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी पोरं चिडीचूप व्हायची. पण अप्पांसमोर बसलं की मास्तरचा चौथीतला मुलगा व्हायचा. वारा संपत नाही, हे त्याला माहीत होतं. गेली एकोणीस वर्षं तो हेच फळ्यावर लिहीत होता.

"म्हणजे कसं आहे," तो म्हणाला, "पात्यांच्या अगदी मागे वारा किंचित मंदावतो, पण..."

"मंदावतो!" अप्पांनी पक्कड आपटली. "ऐकलंत?"

"किंचित, अप्पा. आणि जरा पुढे गेलं की..."

"मंदावतो म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

मीटरबाईनं दिराकडे असं काही बघितलं की त्यानं चष्मा काढून पुसायलाच घेतला. चष्मा नसला की त्याला समोरचे चेहरे दिसत नसत.

तेवढ्यात शटरखालून एक पिशवी आत आली, मग एक काठी, आणि मग "अरे कुणी वर करा रे हे, माझी कंबर काय रबराची आहे का" असं म्हणत आत्या आली. अप्पांची धाकटी बहीण. वय एकाहत्तर, पण अप्पांसाठी अजून चिमीच. कपाटाचं प्रकरण हिच्यामुळेच झालं, की अप्पांमुळे, यावर घरात आजही दोन तट आहेत. आईच्या माघारी तिचं लाकडी कपाट कुणी न्यायचं, एवढ्यावरून ही दोघं सख्खी भावंडं नऊ वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. शेवटी कपाटाला वाळवी लागली, तेव्हा कुठे बोलायला लागली.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"अप्पा नाही म्हणतायत," मीटरबाई म्हणाली.

"मग माझं हो," आत्या म्हणाली आणि पेन शोधायला लागली.

"कशाला हो ते तरी ऐकून घे, चिमे!"

"तू नाही म्हणालास ना? मग ते चांगलंच असणार."

थोरल्यानं घाईघाईनं तिला चक्की, वारा, दम, सगळं सांगितलं. आत्यानं ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की अप्पा धास्तावले.

"दादा, आपल्या दुकानाची हमी काय आहे रे? पाटी वाच की."

वाचायची गरज नव्हती. पाटी आजोबांच्या हातची होती. वाऱ्यानं उलटली तर जन्मभर फुकट नीट करून देऊ, तुमच्या चुकीनं मोडली तर हमी नाही. आणि खोटं कुणी सांगू नये म्हणून या दुकानात मोडकी छत्री घेऊन आलेल्याची अशी काही उलटतपासणी व्हायची की सांगता सोय नाही. कुठे उलटली? किती वाजता? तोंड कुठल्या दिशेला होतं? वारा समोरून की पाठीमागून? किती काड्या गेल्या? एकदा एका हेडमास्तरांनी या प्रश्नांपुढे हात टेकले होते आणि छत्री कुत्र्याला मारताना मोडली हे सगळ्यांदेखत कबूल केलं होतं. मग उत्तरं वहीत जायची. तारीख, वेळ, जागा, दिशा, काड्या, आणि शेवटी कारणाचा रकाना.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "वाऱ्यानं मोडलेली छत्री तू फुकट नीट करतोस. वारा दमला तर तुझं काम वाचेल. धंदा कसला बुडतोय तुझा?"

थोरल्याच्या कपाळाला लागलेली मूठ तेवढी हलत राहिली.

"अरे हो की," मास्तर म्हणाला.

"तू चष्मा पूस," अप्पा म्हणाले.

ते पुन्हा मांडीवरच्या छत्रीकडे वळले, पण हात चालेना. चिमीचं बरोबर होतं, आणि ते त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांना भीती वेगळीच होती. नवी छत्री आता त्यांच्याकडून कोण घेतंय? लोक बाजारातून घडीची आणतात आणि मोडली की फेकून देतात. दुकानात पाऊल पडायचं ते उलटलेल्या जुन्या छत्र्यांचं. दुरुस्ती फुकट का असेना, माणसं यायची, बाकावर टेकायची आणि कुठे उलटली ते रंगवून सांगायची. परवा ते पोस्टमन चाळीस मिनिटं सांगत होते. वारा दमला तर हे कोण येऊन सांगणार? अप्पांना रिकाम्या बाकाची भीती वाटत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुनेसमोर हे कसं सांगायचं, तेही कळत नव्हतं.

"फुकट तर फुकट," ते शेवटी म्हणाले. "माणसं येतात ना."

हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की फक्त मीटरबाईला ऐकू गेलं. तिच्या रागातली हवाच गेली. बाकावरून उठून ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.

याच वेळी शटरवर थापा पडल्या आणि खांबवाली आत आली. तिला खांबवाली नाव पडलं कारण पाच महिन्यांपूर्वी तिनंच टेकडीच्या माथ्यावर वारा मोजायचा खांब उभा केला होता. गावोगावच्या लोकांना स्वतःची वीज स्वतः करायला मदत करणाऱ्या एका संस्थेत ती होती. हुशार पोरगी, पण काहीही विचारलं की म्हणायची, "मी फक्त मदतीला आहे, ठरवायचं तुम्ही." यावरून आत्यानं तिला एकदा झापलंही होतं.

आज तिचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, खांबाचे आकडे आले," ती मीटरबाईला म्हणाली. "कमी आहेत. माथ्यावर पुरेसा वारा नाही. या आकड्यांवर अर्ज मंजूर होणार नाही."

मीटरबाईनं कपाळाला हात लावला. दोन वर्षं गेली पाण्यात! सासऱ्यांशी भांडायला ती तयार होऊन आली होती, पण वाऱ्याशी कसं भांडणार? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"काहीच नाही का करता येणार?" थोरल्यानं विचारलं. आज पहिल्यांदाच तो सरळ बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"दुसरी जागा सुचवली तर खांब तिथे हलवायला सहा महिने वाढवून मिळतात. अर्जात रकाना आहे, स्थानिकांकडची जुनी माहिती म्हणून. पण ती कुणाकडेच नसते. सगळे तो कोराच सोडतात. कुठे वारा जास्त, हे खात्रीनं सांगणारं कुणी हवं ना? आणि तेही पाचच्या आत."

अप्पांनी पक्कड खाली ठेवली.

"पोरी, खांब उभा करताना विचारलंस कुणाला?"

"टेकडी सगळ्यात उंच, म्हणून आम्ही..."

"किती वाजता मोजता? तोंड कुठल्या दिशेला? माथ्यावर?" अप्पा हसायलाच लागले. "अगं, माथ्यावर कसला आलाय वारा! मागच्या डोंगराच्या आडोशाला आहे तो. तिथे एक्केचाळीस वर्षांत नऊ छत्र्या उलटल्यात. त्यातल्या दोन लबाड होत्या."

मास्तरनं चष्मा चढवला. आपण बोललो नाही तर आज वहिनी आपल्याला घरात घेणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. "पण अप्पा, माथ्यावर माणसंच जात नसतील तर छत्र्या कशा उलटणार? नोंद कमी म्हणजे वारा कमी, असं नाही होत."

सगळे चकित झाले. अप्पांना तर अभिमानच वाटला, पण तो त्यांनी दाखवला नाही.

"तुझी शाळा कुठे आहे रे?"

"माथ्यावर."

"पोरं किती?"

"सहाशे."

"सहाशे पोरं रोज छत्र्या घेऊन वर जातात आणि माझ्याकडे येतात नऊ. एकोणीस वर्षं तिथे वारा शिकवतोयस, तुझी टोपी उडाली का कधी?"

"नाही," मास्तर म्हणाला आणि विचारात पडला.

थोरल्यानं माळ्यावरून वह्या काढल्या. एक्केचाळीस वह्या, दोऱ्यानं बांधलेल्या. खांबवालीनं पहिली उघडली आणि खालीच बसली. तारीख, वेळ, जागा, दिशा. दुपारी सव्वातीन, चौकातल्या घड्याळाखाली, तोंड पूर्वेला, वारा पाठीमागून, काड्या चार. दुपारी पाऊण, पुलाच्या दुसऱ्या टोकाला, काड्या दोन, ओरडली. "ओरडली कोण?" तिनं विचारलं. "बाई," अप्पा म्हणाले. "ओरडली तर झोत अचानक आला, असं समजायचं." खांबवालीनं तेही लिहून घेतलं.

मग काय, सगळं घर कामाला लागलं. वह्या वाटून घेतल्या गेल्या. थोरला जागा वाचायचा, मास्तर फळ्यावरच्यासारखं जाड अक्षर काढून पुठ्ठ्यावर रेघा मारायचा, आत्या मधूनच कुणाचं तरी नाव ओळखून "हा मेला खोटारडा, याची खोडा" म्हणायची. अप्पा मात्र बाकावर ताठ बसले होते. किती तरी वर्षांनी लोक त्यांना प्रश्न विचारत होते आणि ते उत्तरं देत होते. साडेतीन वाजता मास्तरनं शेवटची रेघ मारली.

"खिंड," तो म्हणाला. "खिंडीजवळच्या वळणावर. चारशे बारा. दुसरं कुठलंच ठिकाण शंभरच्या वर नाही."

"वारा एकाच दिशेचा, आणि वर्षभर," खांबवाली पुटपुटली. "अप्पा, हे तर... हे मी असंच्या असं अर्जात लिहिते. खिंडीतली जागा कुणाची आहे?"

एकेक करून सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या.

आत्याचं घर खिंडीजवळच होतं. घरामागे फळझाडं, त्याच्या पलीकडे पडीक तुकडा, आणि तो थेट खिंडीत उघडणारा.

"माझ्या परसात?" आत्या ताडकन उठली. "चक्की? मुळीच नाही!"

"आत्ता तर हो म्हणत होतीस," अप्पा म्हणाले. त्यांना झालेला आनंद बघवत नव्हता. "मी हो म्हणतोय, म्हणून का?"

"टेकडीवर म्हणाले होते मी! तिकडे लांब! आणि ती माझा वारा खाईल, माझे कपडे कशानं वाळतील?"

"वारा संपत नाही, आत्या," मास्तर ठणकावून म्हणाला. आता त्याला अडवायची कुणाची टाप नव्हती.

"आत्या," मीटरबाईनं तिचा हात धरला. "झाडांपासून लांब ठेवू. आवाज किती येतो ते तुम्ही आधी दुसरीकडे जाऊन ऐका. आज सही फक्त खांबाला हवीय. सहा महिन्यांनी नको वाटलं तर नको म्हणा. पण आज नाही म्हणालात तर सगळंच संपलं."

आत्यानं हात सोडवला नाही, पण तिची नजर इकडेतिकडे पळायला लागली. सापडलेला माणूस वाट शोधतो, तशी ती वाट शोधत होती. आणि तिला ती सापडली.

"तुमचा आकडाच खोटा आहे," ती म्हणाली.

अप्पा उभे राहिले. "माझी वही खोटी?"

"हो, खोटी! त्या खिंडीच्या छत्र्यांमध्ये सदतीस माझ्या आहेत. आणि त्या वाऱ्यानं उलटलेल्याच नाहीत. मी..." तिनं काठी जमिनीवर टेकवली. "मी हातानं उलटवायचे. फाटकाच्या गजात अडकवून."

"का?" मीटरबाईनं विचारलं.

आत्याला आता बोलल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला होता, पण इतक्या पुढे येऊन मागे कसं फिरणार? "आम्ही बोलत नव्हतो ना, त्या कपाटावरून. नऊ वर्षं. हा रस्त्यात दिसला तरी मान फिरवायचा. पण दुकानात छत्री घेऊन आलं की याला विचारावंच लागायचं, कुठे उलटली, किती वाजता, तोंड कुठे होतं. मी सांगायचे. पाच-दहा मिनिटं बोलणं व्हायचं." ती खुर्चीत बसली. "खिंडीत वाराबिरा काही नाही. म्हातारीचा चळ होता तो. सदतीस कमी करा आणि जा दुसरीकडे कुठेतरी."

थोरला छताकडे बघायला लागला. मास्तरचा चष्मा पुन्हा खाली आला.

खांबवाली मात्र वह्या उलटत होती. एक बघितली, दुसरी, तिसरी. मग तिनं पुठ्ठ्यावरच्या रेघा पुन्हा मोजल्या.

"आत्या, तुमच्या सदतीस यात नाहीतच," ती म्हणाली. "आम्ही फक्त कारणाच्या रकान्यात वारा लिहिलेल्या छत्र्या मोजल्या. चारशे बारा त्या आहेत. तुमच्या नोंदींना तिथे वारा लिहिलेलंच नाही."

"मग काय लिहिलंय? लबाड?"

खांबवालीनं वही तिच्यासमोर धरली. आत्यानं पिशवीतून चष्मा काढला, तो उलटा घातला, सुलटा केला. अप्पांचं ते किरटं अक्षर. सकाळी अकरा, खिंडीजवळ, स्वतःच्या फाटकात, वारा नाही, काड्या दोन. कारण: बहीण. तिनं पान उलटलं. काड्या तीन. कारण: बहीण. पुढच्या वहीत, आणि त्याच्या पुढच्या वहीत. सदतीस वेळा.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"गजाचा ओरखडा काय मला कळत नाही?" अप्पा म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं काय भाजी विकतोय मी?"

"आणि हमी? चुकीनं मोडली तर हमी नाही ना?"

अप्पांनी पुन्हा पक्कड हातात घेतली होती. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांच्या मांडीवर पुरेशी मोठी छत्री नव्हती. "चुकीनं कुठे मोडली होतीस?" ते म्हणाले.

आत्यानं पेन घेतलं. खांबाच्या कागदावर सही केली, इतकी जोरात की खालच्या कागदावरही उमटली. मग अप्पांना कोपरानं ढकलून म्हणाली, "बघत काय बसलायस, तू पण कर. साक्षीदार म्हणून." मीटरबाईनं दोन्ही सह्यांवर फुंकर मारली, कागद पिशवीत घातला, आणि ती, थोरला, खांबवाली असे तिघं शटरखालून वाकून बाहेर पळाले. थोरलाही वाकला. मास्तर वह्या घेऊन त्यांच्यामागे धावला. पाचाला अजून सव्वा तास होता.

दुकानात दोघंच राहिली. आत्या पिशवी उचलून निघाली, दारापर्यंत गेली, आणि थांबली. कोपऱ्यात टेकवलेली तिची छत्री तिनं हातात घेतली. चांगली धडधाकट छत्री. तिनं ती उघडली, गुडघ्यावर दाबली, आणि कट्कन दोन काड्या मोडल्या.

"दादा, ही बघ रे जरा."

अप्पांनी सुट्टीचा वार असूनही नवी वही पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "कुठे उलटली?"